पितळी पुंगळ्यांचें प्रक्षालन

काडतुसाचा जो पितळी भाग बार उडाल्यावर मागें उरतो, व ज्यास आपल्याकडे पुंगळी म्हणतात, तो संशोधकाच्या हातीं बहुधा दोन रूपांनीं येतो. एक तर मातीनें व हिरव्या जंगालानें माखलेला. नाहींतर कोणा हौशी गृहस्थानें घासूनपुसून आरशासारखा केलेला. पहिल्या रूपांत तो वाचतां येतो, दुसऱ्यांत पुष्कळदां नाहीं. हल्लीं नेमबाज लोक पुंगळ्या पुन्हां भरण्यापूर्वीं पाण्याच्या पिंपांत पोलादी कांड्यांसह फिरवून लख्ख करतात. त्यांच्या कामास ती रीत उत्तम आहे. परंतु तीच रीत जुन्या पुंगळ्यांस लावण्याचा मोह संग्राहकांस होऊं लागला आहे. म्हणून पुंगळी धुण्याचें कारण मुळांत काय होतें व तें कसें बदलत गेलें, हें येथें पाहावयाचें आहे.

१८५७ सालीं ज्या काडतुसांवरून एवढा गहजब झाला तीं कागदाचीं होतीं. बार उडाल्यावर त्यांचें धुण्याजोगें कांहीं उरत नसे. इंग्रजी फौजेंत धातूचें काडतूस आलें तें १८६६ च्या सुमारास, स्नायडर बंदुकीबरोबर. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचा अधिकारी एडवर्ड बॉक्सर यानें पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्यास बूड बसविलें व बुडांत प्रायमराची टोपी ठेवली. पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं उभा राहिला, तो याच घडामोडीच्या काळांत. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचें काडतूसही प्रथम गुंडाळलेल्या पत्र्याचेंच होतें. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेंत तें तापलेल्या बंदुकींत अडकूं व फाटूं लागलें, आणि मग अखंड पितळ ओढून केलेली पुंगळी सर्वमान्य झाली. शेंकडा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त हें तिचें ठरलेलें प्रमाण आजही बहुतेक तसेंच आहे.

पुन्हां भरण्याच्या दृष्टीनें बॉक्सरची खरी देणगी पत्र्याची नव्हे, टोपीची. त्याच्या पद्धतींत टोपीखालीं मधोमध एकच भोंक असतें. आंतून एक खिळा सारला कीं जळालेली टोपी निघून येते. त्याच सुमारास अमेरिकेंत हायरम बर्डन यानें दुसरी पद्धत काढली. तींत ठिणगीचीं भोंकें सामान्यतः दोन व बाजूस असतात, आणि ऐरण पुंगळीच्याच बुडांत असल्यानें खिळा चालत नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रजाची पद्धत अमेरिकेनें उचलली व अमेरिकनाची इंग्रजी फौजेनें! म्हणूनच .३०३ बोअरच्या लष्करी पुंगळ्या बहुधा बर्डनच्या असतात, व घरगुती भरणीची कला रुजली ती मुख्यतः अमेरिकेंत.

आतां धुण्याकडे वळूं. काळी दारू पूर्ण वायुरूप होत नाहीं. नोबल व एबल या दोघांनीं १८७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून, दारूच्या वजनापैकीं सुमारें शेंकडा ५७ भाग घनरूपानें मागें राहतो असें ठरलें. त्यांत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड हे क्षार मुख्य. ते हवेंतील ओल ओढून घेतात व पितळ काळें पाडून खातात; पण पाण्यांत सहज विरघळतात. तेव्हां त्या काळच्या धुण्यांत चकाकीचा प्रश्नच नव्हता. पुंगळी खाल्ली जाऊं नये एवढाच हेतु. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफोर्ड आर्सेनलनें पुन्हां भरतां येण्याजोगें काडतूस १८८२ च्या सुमारास अमेरिकी पायदळास दिलें. निशाणबाजी आटोपतांच पुंगळ्या पाण्यांत टाकणें हा या भरणीचा पहिला नियम होता. रात्रभर तशाच ठेवलेल्या पुंगळीचा भरंवसा नसे.

बिनधुराची दारू आल्यावर हा मळ जवळजवळ नाहींसा झाला आणि नवेंच संकट उभें राहिलें. टोपींतील रसकाफरी स्फोटक द्रव्याचा पारा पूर्वीं काजळींत अडकून राही. आतां तो थेट पितळांत मुरून पुंगळी ठिसूळ करूं लागला. हा दोष कितीही धुतल्यानें जाणारा नव्हता. पुढें पारा वगळून क्लोरेटच्या टोप्या केल्या, तर त्यांतून मिठासारखा क्षार उरून बंदुकीची नळी गंजूं लागली. विसाव्या शतकांत शिशाच्या स्टिफ्नेटच्या टोप्या प्रचारांत आल्यावर हेंही संकट टळलें. मात्र पुंगळींत विषारी शिशाची धूळ राहूं लागली.

पण या सर्व कथेंतील आपल्या देशाशीं निगडित असा भाग निराळाच आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यांत आपोआप तडे जात. न उडालेल्या, न हाताळलेल्या काडतुसाची मान उभी चिरलेली निघे. ऋतूबरोबर होणारा म्हणून यास ‘सीझन क्रॅकिंग’ हें नांव पडलें. कोणी पितळाची प्रत हिणकस म्हणे, कोणी हवेला दोष देई. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं याचा उलगडा केला. पुंगळी ओढून घडवितांना पितळांत ताण शिल्लक राहतो. त्यास ओल व अमोनिया यांची जोड मिळाली कीं स्फटिकांच्या सांध्यांतून चीर पडते. काडतुसें ठेवीत त्या तबेल्यांत घोड्यांच्या मुतामुळें अमोनियाचा वास सदैव कोंदलेला असे! उपाय दोन: अमोनियापासून दूर ठेवणें, आणि पुंगळीस मंद आंच देऊन ताण काढून टाकणें. मान मऊ करण्याकरितां निराळी आंच देतात. तिचा निळसर-तपकिरी पट्टा लष्करी पुंगळीवर मुद्दाम राहूं देतात, कारण ती क्रिया झाल्याची तीच खूण.

यावरून धुण्याचा एक पक्का नियम निघतो: पुंगळीस अमोनियायुक्त द्रव्य लावूं नये. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक पितळ-उजळणीच्या द्रव्यांत अमोनिया असतो. आपला कल्हईवाला वापरतो तो नवसागर हाही अमोनियाचाच क्षार; तोही पुंगळीच्या वाऱ्यास उभा करूं नये. उलट देवाचीं उपकरणीं आपण चिंचेनें घासतों, तें योग्य. चिंचेंतील आम्ल पितळावरचा काळा थर विरघळवितें, आणि आजचा नेमबाज पाण्यांत चिमूटभर लिंबाचें सत्त्व टाकतो तेंही याचकरितां.

त्याची रीत अशी. टोप्या आधीं काढून घेतात, म्हणजे टोपीचा खळगाही धुतला जातो. रबरी अस्तराच्या पिंपांत सुमारें सव्वादोन किलो न गंजणाऱ्या पोलादाच्या कांड्या, प्रत्येक सुमारें १ मिलिमीटर जाड व ६ मिलिमीटर लांब, पुंगळ्या बुडतील इतकें पाणी, थोडा भांड्यांचा साबण व लिंबाचें सत्त्व घालून पिंप दोन-तीन तास संथपणें फिरवितात. अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या वाळल्या कणसांच्या भरड्यांत पुंगळ्या हालविण्याची जुनी कोरडी रीत आंतली काजळी पुरती काढीत नसे, व शिशाची धूळ हवेंत उडवी. पाण्यांत ती पाण्यांतच राहते. अर्थात् तें पाणी स्वयंपाकघराच्या मोरींत ओतण्याजोगें नव्हे. आम्ल अधिक झाल्यास किंवा पुंगळ्या फार वेळ राहिल्यास जस्त झिजून पितळ गुलाबी दिसूं लागतें. वेळ लांबल्यास तोंडाची कडाही ठोकली जाऊन बोथट होते. वाळवितांना आंच उकळत्या पाण्याहून अधिक नसावी. बूड तापून मऊ झालें तर पुढच्या बाराचा जोर तें सोसणार नाहीं. कित्येक अनुभवी नेमबाज मानेंतील थोडी काजळी मुद्दाम राहूं देतात, कारण अति स्वच्छ पितळांत गोळी घट्ट चिकटून बसते.

हें सर्व नव्या पुंगळीस. खडकीची वा दमदमची जुनी पुंगळी हा मात्र दस्तऐवज आहे, आणि पिंपांतील कांड्या त्याचा मजकूर झिजवितात. बुडावर ‘के’ व ‘एफ’ या रोमन अक्षरांमध्यें बाणाची खूण असेल तर ती खडकीची, ‘डी’ व ‘एफ’ मध्यें असेल तर दमदमची; शेजारीं वर्षाचे आंकडे. टोपीभोंवतीं लाखेच्या रंगाचें कडें असतें: .३०३ मध्यें जांभळें असल्यास साधी गोळी, तांबडें असल्यास मार्ग दाखविणारी, हिरवें असल्यास चिलखत भेदणारी. हें कडें आणि मानेवरील पट्टा या दोन्ही खुणा अशा धुण्यांत पार निघून जाण्याचें भय आहे, आणि गेलेली खूण कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. तडा गेलेली पुंगळी दिसली तर ती टाकूं नये. तबेल्यांतल्या त्या पावसाळ्याची ती प्रत्यक्ष साक्ष असूं शकेल.

बुडावरील अक्षरें, टोपीचा रंग, भोंकें एक कीं दोन, मानेचा पट्टा व चिरेची जागा यांचें टिपण व छायाचित्र घेतल्याखेरीज पुंगळीस पाणीही लावूं नये. त्यानंतर साधें पाणी, मऊ कुंचला व कोरडा कपडा पुरे. न उडालेलें काडतूस सांपडल्यास त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत दारूगोळ्याच्या व्याख्येंत त्याचे सुटे भाग व तो बनविण्याचीं यंत्रेंही येतात. तेव्हां रिकाम्या पुंगळ्यांच्या संग्रहाविषयींही आधीं जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारणा करून ठेवावी.