डेपो, आगार आणि ठेव

पेण अथवा रोहा येथें एस.टी.च्या आवारावर 'आगार' अशी पाटी दिसते. उतारू मात्र 'डेपो' असेंच म्हणतात. हा शब्द आपण इंग्रजी म्हणून ओळखतों. पण इंग्रजांनींही तो अठराव्या शतकांत फ्रेंचांकडून उसना घेतला. फ्रेंच लेखनांत त्याच्या 'ओ'वर एक टोपी असते; पूर्वीं तेथें असलेला 'स' लोपला, त्याची ती खूण होय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'खालीं ठेवलेलें'. पेढीवरील 'डिपॉझिट' हें त्याच कुळांतलें. कोठार, लष्करी भांडार, अमेरिकेंत आगगाडीचें स्टेशन आणि आपल्याकडे एस.टी.च्या गाड्यांचा तळ, असे ह्या शब्दाचे अर्थ पालटत गेले.

'आगार' म्हणजे संस्कृतांत घर. पेणकडील माणसास त्याहून जवळचें वाटतें तें मिठागरांतलें 'आगर'. परंतु डेपोच्या मूळ कल्पनेशीं नेमका जुळणारा मराठी शब्द ह्या दोहोंहून निराळा आहे. तो म्हणजे 'ठेव'!

ह्याच जिल्ह्यांतील रायगडावर राजधानी असतां शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, व फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी 'दुर्ग' रुजला म्हणून 'किल्ला' गेला नाहीं, दोघेही नांदले. 'आगार' आणि 'डेपो' तसेच नांदोत. मात्र परक्या शब्दास प्रतिशब्द योजण्यापूर्वीं त्याचें मूळ अवश्य पाहावें; तीच कल्पना पुष्कळदां आपल्याच घरांत, साध्या बोलींत, वावरत असते.