कौल, वादळ आणि कायदा : मध्ययुगीन इंग्लंडमधील छपरांचा व्यवहार

छपराचे काम करवून घेणारा घरमालक दोन वेळा सर्वांत अगतिक असतो : एकदा छप्पर उडून गेल्यावर, कारण तेव्हा घासाघीस करण्याइतकी उसंत त्याच्यापाशी नसते, आणि पुन्हा काम पुरे झाल्यावर, कारण वर चढलेले कौल नीट भाजलेले आहे की कच्चे, हे अंगणात उभे राहून कळत नाही. मध्ययुगीन इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना या दोन्ही अडचणी ठाऊक होत्या. परंतु पहिलीवर त्यांनी केलेला इलाज घाईचा होता, तर दुसरीवरचा इलाज धंद्याची खरी जाण असलेल्या कोणाच्या तरी सल्ल्याने बेतलेला दिसतो.

लंडनमध्ये कौलांची गरज वाढली ती मुख्यतः आगीच्या भीतीमुळे. 1212 च्या जुलै महिन्यातील मोठ्या आगीनंतर नगराने बोरू, लव्हाळे आणि पेंढा यांनी नवे छप्पर शाकारण्यास मनाई केली, आणि जुन्या छपरांवर गिलावा करण्याची सक्ती केली. ज्या कामासाठी पूर्वी रानातले गवत पुरे पडत असे, त्यासाठी आता भट्टी लावणारा आणि कौले चढवणारा अशा दोन कारागिरांवाचून गत्यंतर राहिले नाही. पुढे 1348-49 च्या प्लेगने कारागिरांची संख्या घटली, मजुरी चढली, आणि ती खाली आणण्यासाठी 1351 मध्ये मजुरीविषयीचा कायदा झाला. त्यात कौले चढवणाऱ्याला दिवसाला तीन पेनी आणि त्याच्या हाताखालच्या गड्याला दीड पेनी असा दर ठरवून देण्यात आला.

या दराची कसोटी 15 जानेवारी 1362 रोजी लागली. त्या दिवशी दक्षिण इंग्लंडवर आलेल्या वादळाने छपरे, मनोरे आणि झाडे आडवी केली, एकाच वेळी असंख्य घरांना कौले हवी झाली, आणि विकणाऱ्यांनी व चढवणाऱ्यांनी भाव वाढवले. तिसऱ्या एडवर्ड राजाने आज्ञा काढली ती अशी की, कौलांची किंमत आणि कारागिरांची मजुरी वादळापूर्वी होती तीच राहावी. आपत्तीच्या पाठोपाठ येणाऱ्या नफेखोरीला शासनाने इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने हटकल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे. तथापि या आज्ञेत भावाचा विचार होता, मालाचा नव्हता. भाव बांधला गेला की प्रामाणिक नसलेला विक्रेता आपला फायदा मातीतून आणि जळणातून काढतो, हे उघड असले तरी त्याचा विचार कायद्यात यायला आणखी शंभरावर वर्षे गेली.

तो विचार चौथ्या एडवर्डच्या 1477 च्या कायद्यात आढळतो, आणि तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. कौलाची माती 1 नोव्हेंबरपूर्वी खणावी, ती 1 फेब्रुवारीपूर्वी उलथून घालावी, आणि 1 मार्चपूर्वी तिचे कौल पाडू नये, असा क्रम त्यात ठरवला होता. हिवाळाभर उघड्यावर पडलेल्या मातीतले पाणी गोठते, ढेकळे आपोआप फुटतात, आणि माती मऊ व एकजीव होते. ती उलथताना आतले खडे व चुनखडीचे कण वेचून काढता येतात. हे कण राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे दमट हवेत तो फुगतो, आणि कौल आतून तडकते. विकत घेताना असे कौल चांगल्या कौलासारखेच दिसते. डोळ्यांना न दिसणारा दोष पकडायचा तर वस्तूऐवजी ती घडवण्याच्या काळावर नजर ठेवली पाहिजे, हे या कलमामागचे तत्त्व होते.

आकारही ठरवून दिला : साध्या कौलाची लांबी साडेदहा इंच, रुंदी सव्वासहा इंच, जाडी किमान पाच अष्टमांश इंच. (इंग्लंडमधील साध्या कौलाची लांबी आजही तेवढीच, म्हणजे सुमारे 265 मिलिमीटर, असते.) नियम मोडून माल विकणाऱ्याने ग्राहकाला किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी, शिवाय हजार साध्या कौलांमागे पाच शिलिंग राजाला दंड भरावा, अशी तरतूद होती. तपासणीसाठी जाणकार शोधक नेमायचे आणि त्यांना हजार कौलांमागे एक पेनी द्यायची, असेही ठरले. मोबदला नगांवर दिल्याने शोधकाला पुष्कळ माल पाहण्यात रस राहील, ही त्यामागची अटकळ असावी. तो नीट पाहील याची हमी मात्र त्यात नव्हती.

हा कायदा भट्टीपाशीच थांबला. कौल ज्या लाकडी खुंटीने रिपेवर अडकवले जाई ती खुंटी ओली होती की वाळलेली, याचा त्यात विचार नव्हता. या बाबतीत कौटिल्याचे अर्थशास्त्र अधिक व्यापक म्हणावे लागेल, कारण कारागिरांविषयीच्या त्याच्या प्रकरणात सांगितल्याहून वेगळे काम करणाऱ्याची मजुरी बुडते आणि वर तिच्या दुप्पट दंड बसतो. लंडनमध्ये कौलवाले व वीटकाम करणारे यांच्या संघाला 1568 मध्ये राणीची सनद मिळाली, आणि कसबाची जबाबदारी बरीचशी त्या संघाकडे गेली. संघाची देखरेख आणि संघाची मक्तेदारी या गोष्टी वेगळ्या करणे अवघड होते.

1666 च्या महाआगीत तेरा हजारांहून अधिक घरे जळाली, तेव्हा पार्लमेंटपुढे 1362 चीच अडचण कितीतरी मोठ्या प्रमाणात उभी राहिली. 1667 च्या पुनर्बांधणी कायद्याने भाव बांधण्याचे अधिकार वरिष्ठ न्यायाधीशांना दिले खरे, पण त्याबरोबरच बाहेरगावच्या कारागिरांना सात वर्षे शहरात काम करण्याची मुभा दिली, आणि ती मुदत पुरी करणाऱ्यांना तो हक्क आजन्म बहाल केला. वाढत्या भावाला उत्तर म्हणून या वेळी शहरात अधिक हात आणले गेले, आणि त्याची किंमत जुन्या संघांनी आपली मक्तेदारी गमावून चुकती केली.