दिवाणखान्यातील दुधी दिवा

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अंधेरीतील जुना बंगला पाडावयाचे ठरले, तेव्हा सामानाच्या वाटणीत दिवाणखान्यातला दुधी काचेचा दिवा कोणासच नको होता. ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातील एका व्यापाऱ्याने मात्र तो आपण होऊन मागितला. द्यावा की ठेवावा, हे विचारावयास मंडळी आमच्याकडे आली. जुन्या दिव्यांचा आमचा नाद त्यांना ठाऊक होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि शिडी मागवली.

काचेच्या दिव्याचे वय पुष्कळदा त्याच्या तोंडावरून कळते. तेलाची वा मेणबत्तीची ज्योत वर जाते, म्हणून जुन्या हंडीचे तोंड वर उघडे असे. वीज आली आणि काचेस खाली पाहण्याची मुभा मिळाली. उपनगरांना वीज देण्यासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. वीज घरात आली तरी जुनी हंडी कोणी लगेच टाकली नाही. तिच्यातच बल्ब बसला. झुंबराच्या पितळी हातावर वायर बाहेरून गुंडाळलेली दिसली, तर ते बहुधा मूळचे मेणबत्त्यांचे. नळीच्या पोटातून गेली असेल, तर विजेसाठीच घडविलेले. दुधी काचही विजेच्या दिव्यास सोयीची ठरली, कारण बल्बची तार डोळ्यांस खुपते आणि ही काच तो प्रकाश पसरवून मऊ करते.

पूर्वी श्रीमंतांच्या झुंबरांची काच बोहेमियाहून किंवा बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीकडून येई. याच कंपनीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे उभारले होते. आपल्याकडे पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना १९०८ साली निघाला, ओगले बंधूंचा १९१६ साली. पण ओगल्यांचे नाव घरोघर गेले ते प्रभाकर कंदिलामुळे, झुंबरामुळे नव्हे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि फिरोझाबादच्या भट्ट्यांचे महत्त्व वाढले.

त्या कारागिरांचे हात अंधेरीसही लागले आहेत. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील शीशमहल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला : सुमारे १५० फूट लांब, ८० फूट रुंद. काच बेल्जियमची, कारागीर फिरोझाबादचे, आणि काम दोन वर्षांचे. एवढे होऊन चित्रीकरणाच्या वेळी काचांच्या लखलखाटाने कॅमेऱ्याचे डोळे दिपले! छायालेखक आर. डी. माथूर यांनी कापडाच्या पट्ट्या लावून ती चमक उतरवली. के. आसिफ यांचे नाव सर्वांच्या ओठी आहे. काच कापणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस कोठे आढळले नाही.

नावाचे हे दुखणे आमचेही आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात साहाय्यक असताना चर्चच्या रंगकामाच्या वेळी चार हंड्या भंगारात देण्यास आम्हीच होकार दिला. पितळेचे वजन झाले. काच फुकट गेली. पुढे जुन्या हिशेबवहीत नोंद सापडली : त्या हंड्या एका विधवेने पतीच्या स्मरणार्थ दिल्या होत्या. तिची नातवंडे दर रविवारी मिस्सेला पहिल्या बाकावर बसत. त्यांना ते सांगण्याचे धैर्य आम्हांस आजतागायत झालेले नाही.

म्हणून शिडीवरून उतरल्यावर आम्ही किमतीचा विषय काढला नाही. वायर नळीतून गेलेली होती, तोंड खाली होते, काचेवर साच्याची शिवण बोटांस लागत होती. म्हणजे विजेच्या काळातला, साच्यात फुंकलेला दिवा. मौल्यवान म्हणावा असा नव्हे. मग आम्ही घरातील आजीबाईंस विचारले. त्या चटकन म्हणाल्या, "१९६१ चा नाताळ. ह्यांचा पहिला बोनस. लोकलमध्ये मांडीवर धरून आणला, आणि घरी आल्यावर कळलं की हूकच नाही." दोन दिवस तो दिवा पलंगाखाली होता म्हणे. त्यांच्या मुलांनीदेखील हे कधी ऐकले नव्हते. थोरल्या नातीने ते तेथल्या तेथे वहीत उतरून घेतले.

व्यापारी दुसऱ्या दिवशी येऊन गेला. खाटा व कपाट घेऊन गेला. दिवा सध्या आमच्या कार्यालयात जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला आहे. नव्या इमारतीतील छत फार ठेंगणे असणार. दांडी किती कापावी, यावर त्या घरात अद्याप एकमत नाही.