पतंगांची वही

आपल्या कवितेतला पतंग दिव्यावर झेप घेतो आणि जळून जातो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात डॉ. जेनिफर ओवेन यांनी मात्र त्याला वहीत उतरवलं. १९७२ ते २००१, सलग तीस वर्षं! बाग म्हणाल तर जेमतेम ७४१ चौरस मीटर. हिरवळ, फुलझाडं, थोडी भाजी. कीटकनाशकांना मज्जाव. रात्री दिव्याचा सापळा लावायचा आणि पतंग मोजायचे. दुर्मीळ तेवढेच नव्हेत, रोजचेही. मध्येच मल्टिपल स्क्लेरोसिसने गाठलं, तरी नोंदी थांबल्या नाहीत. हाती लागल्या एकूण २,६७३ जाती, त्यातल्या १,९९७ कीटकांच्या. २०१० साली त्याचं पुस्तक झालं.

आपल्या एखाद्या कुळागरात किती निघतील? श्रावणात पडवीतल्या दिव्याखाली पडलेले पतंग आपण सकाळी केरसुणीने लोटतो.