विमानं कोसळली: दोष पावसाचा की गोंदाचा?

आजची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. यात आरोपी दोन आहेत, आपला पावसाळा आणि लाकूड चिकटवायचा गोंद.

ब्रिटनला विमानं हवी होती, पण धातूची ओढाताण होती. मग डी हॅविलँड कंपनीनं चक्क लाकडाचं विमान बनवलं, 'मॉस्किटो'. त्याचं पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० ला झालं. बर्चच्या पातळ प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, असं सँडविच करून त्याचा सांगाडा बनायचा. फर्निचर बनवणारे कारखानेही या कामाला लागले होते. विमान एकदम वेगवान निघालं.

आता हे सगळं एकत्र धरून ठेवणार कोण? गोंद. सुरुवातीच्या विमानांत केसीन गोंद होता, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. सुकला की पक्का, पण सतत ओल लागली की मऊ पडतो, बुरशीसुद्धा धरतो. म्हणून पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला.

१९४४ मध्ये ही विमानं भारतात, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी तैनात होती. त्या वर्षाच्या शेवटी काही विमानं कोसळली, माणसं गेली. पंखाचं वरचं आवरण आतल्या तुळईपासून सुटतंय, असा संशय होता. चौकशीला कंपनीचेच मेजर हेरवर्ड डी हॅविलँड भारतात आले. डिसेंबरमध्ये त्यांचा निष्कर्ष आला: गोंद ठीक आहे, पावसाळी हवेनं लाकडावर परिणाम झाला.

विषय संपला? नाही ना! नंतर सरकारी तपासणीत इंग्लंडमधली मॉस्किटो विमानं बघितली गेली. त्यांनी आपला पावसाळा कधी पाहिलाच नव्हता. तरी जोडांमध्ये तसेच दोष सापडले. म्हणजे कारखान्यातच चिकटवण्याचं काम कच्चं झालं होतं. तरीही हवाई मंत्रालयानं 'मुख्यतः हवामान' हेच कारण धरून ठेवलं, विमानावरचा विश्वास उडू नये म्हणून. पंखाच्या सांध्यावर प्लायवुडची पट्टी लावून पाणी शिरायची वाट मात्र बंद केली.

यातला धडा साधा आहे. जोड बाहेरून बघून कळत नाही. ओल लागली की तो खरं बोलतो. मग पावसाची वाट कशाला बघायची? आधीच प्रयोगशाळेत भिजवा, उकळवा, वाळवा आणि बघा.

आज आपल्याकडे मरीन प्लायवुडचं मानक आहे आयएस ७१०. त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे सलग तीन दिवस! मग सुरीनं थर उचकटतात. लाकडाचे तंतू फाटून आले तर गोंद पास. थर गुळगुळीत सुटला तर नापास. इथे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडसारखा गोंदच टिकतो. साधा युरियावाला उकळत्या पाण्यात हार मानतो.

म्हणून घरी किचनचं काम काढलंत तर प्लायवरचा शिक्का वाचा. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारं, वॉटरप्रूफ नव्हे. सिंकखाली ते लावलं आणि फुगलं, की दुकानदार म्हणणार, "काय करणार साहेब, पावसाळा!" तेव्हा मॉस्किटो आठवा.