एपिड्युरल भूल : औषधांच्या निवडीचा इतिहास
पांढुर्णा-सौंसर भागातील गंभीर रुग्णांना बहुधा नागपूर गाठावे लागते. अशा ठिकाणी भुलेच्या औषधाची सुरक्षितता हा जिवाचा प्रश्न ठरतो.

कमरेच्या मणक्यांतून द्यावयाची एपिड्युरल भूल स्पेनच्या फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये मांडली. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेल्या लिग्नोकेनचा परिणाम लवकर होतो, पण फार काळ टिकत नाही. १९५७ च्या ब्युपिव्हाकेनने ही उणीव दूर केली व ओटीपोटाच्या शस्त्रक्रिया सोयीच्या झाल्या. मात्र ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास हृदय बंद पडू शकते, याकडे अल्ब्राइट यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. पुढे आलेले रोपिव्हाकेन हृदयास तुलनेने कमी घातक आहे. तथापि कोणतेही औषध थांबत, थोडे थोडे देणे हीच खरी खबरदारी होय.