लेआऊटचं पाणी जातं कुठं?

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव शहरात घराघरांत पाणी शिरलं तेव्हा सगळं खापर पावसावर फुटलं. पण बळ्ळारी नाल्याकाठच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या भातशेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. पाऊस जरा जोराचा झाला की नाला फुगतो, पाणी पिकात उभं राहतं आणि रोप कुजतं. नाल्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, अतिक्रमण आहे. त्यात वरच्या अंगाला शेतं जाऊन लेआऊट झाले, की खाली येणारं पाणीच वाढतं.

किती वाढतं, हे काढायला इंजिनिअर लोक ‘रॅशनल मेथड’ वापरतात. पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा, पावसाचा ताशी जोर मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये, या तिन्हींचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं.

समजा १० एकर, म्हणजे साधारण ४ हेक्टर जमीन आहे आणि पाऊस ताशी ६० मिलिमीटरच्या जोराने पडतोय. शेत असताना वाहून जाणारा हिस्सा ०.३ धरला, तर सेकंदाला २०० लिटर पाणी बाहेर पडतं. तिथेच रस्ते, स्लॅब, फरशा झाल्या आणि हिस्सा ०.७५ वर गेला, की ५०० लिटर. तासभर तोच जोर टिकला तर जादा पाणी १० लाख ८० हजार लिटर होतं. दहा हजार लिटरचे १०८ टँकर! ते सगळे खालच्या शेतात रिकामे होणार.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. शेतातलं पाणी बांधाला अडत, मुरत, सावकाश नाल्याला लागतं. सिमेंटच्या गटारीतून तेच पाणी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचतं. म्हणून गटारीचा हिशेब त्या दहा-पंधरा मिनिटांच्या सरीवर करायचा असतो, आणि अशा सरीचा जोर तासाच्या सरासरीपेक्षा जास्तच असतो. दिवसभराच्या १२० मिलिमीटर पावसाला २४ ने भागलं तर ताशी ५ येतात. या आकड्यावर बांधलेली गटार पहिल्याच वळवात तुंबणार.

आराखड्यासाठी आधी कंटूर सर्व्हे लागतो. फक्त आपल्या सर्व्हे नंबरचा उतार बघून भागत नाही, वरच्या शिवारातून येणारं पाणीही धरावं लागतं. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये पावसाळी निचऱ्याची मार्गदर्शिका काढली आहे. पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगळं ठेवायचं, हे त्यातलं मूळ तत्त्व; आपल्याकडे दोन्ही एकाच गटारीत सोडायची सवय. जादा पाणी थोपवायला लेआऊटच्या सखल कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत तळं किंवा खोलगट मैदान ठेवता येतं. बिल्डरला ते नको असतं, कारण खर्च त्याचा आणि फायदा खालच्या शेतकऱ्याचा. परवानगी देणाऱ्यानेच अट घातली तर ते होतं.

गटार शेवटी कुठल्या नाल्याला मिळते आणि वाटेतली मोरी तेवढं पाणी घेते का, हे प्लॉट घेणाऱ्याने साईटवर जाऊन बघावं, तेही पावसाळ्यात. उताराही नीट वाचावा. कर्नाटकात ‘ब खराब’ आणि महाराष्ट्रात ‘पोटखराब वर्ग ब’ म्हणून लावलेल्या जमिनीत नाले, रस्ते येतात. नकाशावर तिथेच प्लॉट पाडलेला दिसला तर इसार देण्याआधी मोजणी मागून घ्यावी.